स्लो आणि डल

मला इंग्रजी येतं असं चार गावांत बोललं जायचं, आणि मी ते बोलू देत असे. खरं तर मला इंग्रजी येत नव्हतं, इंग्रजीतले शब्द येत होते. शहापूरला दोन इयत्ता इंग्रजी शिकलो, तिसरीला वडिलांनी शेतावर परत बोलावलं, पुढं धडपडत मराठी सातवीची फायनल पास होऊन मास्तर झालो. सापगावच्या आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या भाताशिवाय कुणी काही केलं नव्हतं. त्यात एक जण कोट घालून शाळेत जातो म्हटल्यावर आईला आभाळ ठेंगणं झालं. मलाही झालं, ते लपवण्यात अर्थ नाही. कल्याणला जाऊन मी एका जुन्या पुस्तकवाल्याकडून इंग्रजी-मराठी कोश आणला. त्यातले ए आणि बी उंदरांनी खाल्ले होते, सी पासून पुढं सगळं शाबूत होतं. आल्यागेल्याच्या नजरेस पडेल अशा बेतानं तो मी मेजावर ठेवत असे.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या तीनेक वर्षं आधी माझी नेमणूक मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका खेड्यात झाली. चौथीपर्यंतची शाळा, मास्तर मी एकटा, आणि शाळा म्हणजे गावच्या पाटलाच्या घराची पडवी. निम्मी मुलं गावातली आणि निम्मी रानातल्या पाड्यांवरून तासभर चालत येणारी. मला ती बदली म्हणजे वनवास वाटला. घरी परत, निदान शहापूर तालुक्यात तरी, बदली करून मिळावी म्हणून मी पहिल्याच महिन्यात अर्ज केला होता.

पहिल्या दिवशी हजेरी घेतली तेव्हाची गंमत सांगतो. पाड्यावरची मुलं समोर बसलेली, डोळे माझ्याकडे लावलेले, आणि नाव घेतलं तरी एकाच्याही तोंडून ओ येईना. मी चिडून सगळ्यांची गैरहजेरी मांडली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी पाटील ओटीवरून हे ऐकत होता, तो हसत खाली आला.

"गुरुजी, तुमी एकदाच हाक मारताव. ती कशी ओ देतील?"

मग त्यानं समजावून सांगितलं. रानातून येताना आपल्या नावानं कुणी हाक मारली, तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसऱ्या हाकेलाही नाही. माणसाच्या आवाजात दुसरंच काही हाक मारतं आणि ओ देणाऱ्याला घेऊन जातं. त्याला तिसरी हाक मारता येत नाही. म्हणून तिसरी हाक आली की समजायचं, माणूस आहे, आणि मगच बोलायचं. चालायला लागल्यापासून पोरांना हे शिकवलेलं असतं. मास्तर नवा, अनोळखी, म्हणजे मुलं सावध राहणारच.

मी मनात म्हटलं, काय अडाणी लोक आहेत. पण करणार काय? त्या दिवसापासून मी प्रत्येक नाव तीनदा घेऊ लागलो. पुढं माझी ओळख पटल्यावर बरीच मुलं एका हाकेला बोलायला लागली. एक मुलगी मात्र शेवटपर्यंत तिसरी हाक आल्याशिवाय बोलली नाही.

ती चौथीत होती. बारा वर्षांची असेल, शाळेत उशिरा घातलेली. वरच्या पाड्यावरून धाकट्या भावाला कडेवर घेऊन यायची आणि त्याला पडवीच्या कोपऱ्यात निजवून पाटी काढायची. प्रश्न विचारला की खाली बघायची. पुन्हा विचारला तरी खालीच. तिसऱ्यांदा विचारला की मान वर करून जे उत्तर द्यायची, त्यात खोट काढायला जागा नसे. एकदा मी वरच्या इयत्तेच्या पुस्तकातलं हौदाचं गणित मुलांना घातलं. एक तोटी हौद तीन तासांत भरते, दुसरी सहा तासांत, तर दोन्ही सोडल्यावर किती वेळात भरेल? माझा हेतू मुलांनी हरावं एवढाच होता, कारण त्या दिवशी माझं डोकं फिरलेलं होतं. दुसऱ्या दिवशी ती मेजाशी येऊन उभी राहिली.

"दोन तास," ती म्हणाली. "पन गुरुजी, हौद गळका हाय का नाय, ते त्यात लिवलंच नाय."

तिनं आयुष्यात हौद पाहिला नव्हता. मी पुस्तक उघडलं, तर पुढचंच गणित गळक्या हौदाचं होतं. मला एवढा आनंद झाला की मी घरी आईला कार्ड लिहून ते कळवलं. मास्तरकीत असे दिवस बोटांवर मोजण्याइतके येतात.

त्याच वर्षी डोंगराळ भागातल्या मुलांसाठी एक शिष्यवृत्ती निघाली. चौथी झालेल्या मुलाला मुरबाडच्या शाळेत सातवीपर्यंत शिकता यावं, राहण्याजेवण्याचा भार घरावर पडू नये, अशी योजना होती. माझ्या शाळेतून दोघांचे फॉर्म जायचे ठरले. एक पाटलाचा मुलगा आणि दुसरी ही. मुरबाडला तिची मावशी होती, ती ठेवून घ्यायला तयार होती. मी पाड्यावर जाऊन तिच्या बापाशी बोललो. तो कोयत्याला धार लावत बसला होता. त्यानं आधी धार पुरती लावून घेतली.

"गुरुजी, तिला सोयरीक आलीय," तो मग म्हणाला. "ही तुमची स्कालरशिप आली तं शिकू दे, माजी ना नाय. नाय आली तं वैशाखात लगीन. मी पावन्यांना तसा सबूद दिलाय."

म्हणजे त्या एका कागदावर सगळं होतं. हे मला त्या दिवसापासून ठाऊक होतं. मला कल्पना नव्हती असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

माघात तपासणीला साहेब आले. नवे होते, तरुण होते, बोलताना निम्मं इंग्रजी बोलायचे. ते दिवस राबाच्या तोडणीचे. पावसाआधी भाताची रोपं जिथं करायची ती जमीन भाजण्यासाठी लोक ऐनाच्या फांद्या तोडून आणतात, आणि त्या कामाला लहानथोर सगळे जातात. मी सकाळी पाड्यावर निरोप धाडून मुलं गोळा केली. ती धावतपळत आली, केसांत पाला, हाताला चीक, तशीच साहेबांपुढं उभी राहिली.

साहेबांनी आधी पाटलाच्या मुलाला विचारलं. तो अडखळला, चुकला, पुन्हा चुकला, आणि शेवटी काहीतरी बरोबर बोलला. मग त्यांनी हिचं नाव घेतलं. ती खाली बघत राहिली. त्यांनी पुन्हा नाव घेतलं आणि प्रश्न विचारला, साधा पायलीचे शेर करण्याचा. ती गप्प. मी मनातल्या मनात म्हणत होतो, अजून एकदा विचारा, अहो, एकदाच विचारा. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि वही मिटली.

त्या वेळी मी तोंड उघडायला हवं होतं. "साहेब, यांच्यात तिसऱ्या हाकेला बोलतात," एवढंच म्हणायचं होतं. पण हे त्या कोटवाल्या, घड्याळवाल्या माणसाला कसं सांगायचं याची मला लाज वाटली. भुताखेतांच्या गोष्टी सांगणारा मास्तर म्हणून माझी नोंद होईल असं वाटलं. मी मूग गिळून बसलो.

साहेबांनी दोन्ही फॉर्म माझ्यापुढं सरकवले. त्यांत एक रकाना होता : मुलाच्या बुद्धीविषयी शिक्षकाचा अभिप्राय, एका शब्दात, इंग्रजीत.

"आता पाहिलंत ना? दोघंही मंदच आहेत," साहेब म्हणाले. "जे आहे ते लिहा. इंग्रजी येतं ना तुम्हाला, मास्तर?"

पाटील बाजूलाच उभा होता. त्यानं माझ्या वतीनं सांगितलं, "येतं तं! मोठं बुक हाय त्यांच्याजवल."

मी कोश उघडला. मंद या अर्थाचे दोन शब्द मला आधीच ठाऊक होते, तरी दिसावं म्हणून उघडला. एस मध्ये स्लो, अर्थ मंद. डी मध्ये डल, अर्थ मंद. दोन्हीकडं पहिला शब्द तोच. मी पाटलाच्या मुलाच्या फॉर्मवर स्लो लिहिलं. मग हिचा फॉर्म घेतला. पुन्हा तोच शब्द लिहिला तर साहेबांना वाटेल, याला एकच येतो. म्हणून मी डल लिहिलं. सुवाच्य, वळणदार अक्षरात लिहिलं. दुसरं कुठलंही कारण नव्हतं. आजवर मी खूप शोधलं, पण नव्हतं. पाटलाचा मुलगा म्हणून मी त्याला झुकतं माप दिलं असतं, तर ते निदान लोकांना समजण्यासारखं पाप झालं असतं.

साहेबांनी वाचून मान डोलावली. "गुड. दोन वेगळे शब्द वापरलेत. नाहीतर सगळे मास्तर एकच शब्द खाली ओढत नेतात." मला गुदगुल्या झाल्या. ती अजून तिथंच उभी होती. ती माझ्याकडं बघत होती, आणि मी हसलो तशी तीही हसली. गुरुजींनी आपल्यासाठी इंग्रजीत लिहिलं, हे तिनं पाहिलं होतं.

फाल्गुनात निकाल आला. पाटलाच्या मुलाला शिष्यवृत्ती मिळाली. हिच्या नावापुढं नामंजूर, आणि खाली एक ओळ : शिक्षकाच्या अभिप्रायावरून विद्यार्थिनीस पुढील शिक्षणाचा लाभ होणार नाही.

मी तो कागद घेऊन मुरबाडच्या कचेरीत गेलो. वरातीमागून घोडं, पण गेलो. तिथं एक म्हातारे हेडकारकून होते. पान लावता लावता त्यांनी दोन्ही फॉर्म पाहिले.

"बरोबरच आहे," ते म्हणाले. "एक स्लो, एक डल."

"पण दोन्हींचा अर्थ एकच ना?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "मास्तर, स्लो म्हणजे उशिरा पोचणारा. त्याला वेळ दिला, हात दिला, की पोचतो. ही योजना अशाच मुलांसाठी आहे. डल म्हणजे किती हात द्या, आत काही शिरतच नाही. साहेब लोक डल असं सहसा लिहीत नाहीत हो. लिहिलं की माणूस संपला. तुम्ही लिहिलंत म्हणून मला नवल वाटलं होतं."

"कोशात दोन्हीकडं मंदच आहे," मी म्हणालो.

"कोशात असेल. आपण कोणत्या पोराला काय चिकटवतो ते कोश बघतो का?"

ती मुलगी स्लोसुद्धा नव्हती. तिला फक्त तिसऱ्यांदा विचारायला हवं होतं.

हेडकारकुनांनी मग मला वाट दाखवली, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं माझं एकट्याचं आहे. ते म्हणाले, "एक अर्ज करा. लिहा की मला या शब्दाचा नेमका अर्थ ठाऊक नव्हता, अनवधानानं लिहिला गेला, कृपया मुलीची पुन्हा परीक्षा घ्यावी. साहेब माणूस वाईट नाही, घेतील. पण वैशाखाच्या आत करा, नंतर यादी पक्की होते."

अर्ज मी त्याच रात्री लिहिला. अक्षर चांगलं, भाषा नम्र. 'मला या शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता' या वाक्यापाशी मात्र हात अडला. ते साहेबांच्या मेजावर जाणार. तिथून ते कचेरीत फिरणार. इंग्रजी येतं म्हणून मिरवणारा मास्तर, आणि त्याला चार अक्षरांचा शब्द कळत नाही. माझा बदलीचा अर्ज त्याच साहेबांपुढं पडून होता. हात दाखवून अवलक्षण कशाला, असं मनानं सांगितलं. उद्या टाकू, शनिवारी मुरबाडला जाऊ तेव्हा टाकू, बाजाराच्या दिवशी टाकू. तो कागद माझ्या कोटाच्या आतल्या खिशात महिनाभर होता. घडीवर घामाचा डाग पडला. मी तिसऱ्यांदा तो नव्या कागदावर उतरवून काढला आणि पुन्हा खिशात घातला.

ती रोज येत होती. भावाला निजवून पाटी काढत होती. एकदा मी तिला एकटीला थांबवलं आणि म्हणालो, "शिष्यवृत्ती नाही मिळाली, गो." तिनं खाली पाहिलं. मी पुन्हा तेच म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणायचा धीर मला झाला नाही, म्हणून ती काय बोलली असती ते मला कळलंच नाही.

वैशाखात तिचं लग्न झालं. तिच्या बापानं मला आग्रहानं बोलावलं, आणि मी गेलो. त्यानं मला चार माणसांत चटईवर बसवलं आणि पाहुण्यांना सांगितलं, "हे गुरुजी. पोरीसाठी लय झटलं. इंग्रजीत लिवून दिलं व्हतं, पन तिच्या नशिबात नव्हतं." मी पानात वाढलेलं सगळं जेवलो. त्या जेवणाची चव मला आठवत नाही असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण ते खोटं होईल. भात आंबेमोहोर होता, आमटी झणझणीत होती, आणि मी दुसऱ्यांदा वाढून घेतला.

जूनमध्ये माझी बदली झाली, शहापूर तालुक्यात, शेणव्याला. हुकुमासोबत साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं की हा शिक्षक होतकरू असून त्यास इंग्रजीचं बरं ज्ञान आहे. आईनं देवापुढं नारळ फोडला. तो हुकूम मी फाडून टाकला असं सांगायला आवडलं असतं. तो अजून ट्रंकेत आहे, घामाचा डाग पडलेल्या त्या अर्जाच्या खाली.

शेणव्याला मी पंधराएक वर्षं काढली. तिथलीही बरीच मुलं रानातून यायची, आणि तिथंही हजेरी मला तीनदाच घ्यावी लागे. स्वातंत्र्य आलं त्याच्या पुढच्या जूनमध्ये, शाळा उघडल्यावर दोन-तीन दिवसांनी, एक बाई सात वर्षांच्या मुलीला घेऊन दारात उभी राहिली. हात चिखलानं भरलेले, लुगडं वर खोचलेलं, पेरणीतून उठून आलेली दिसत होती. मी ओळखलं नाही. तिनंच ओळख दिली.

"गुरुजी, मी. सिद्धगडाखालची. हौदवाली."

ती जवळच्याच एका गावात दिली होती, आणि मी इथं असल्याचं तिला गेली तीन वर्षं ठाऊक होतं. पोर शाळेच्या वयाची होण्याची वाट बघत होती. तेवीस-चोवीस वर्षांची असेल, पण हाताच्या नसा माझ्या आईच्या वयाच्या बाईसारख्या वर आल्या होत्या. मी तिला पाणी दिलं. मी नोंदवही काढली.

"बरं दिसतंय तुमचं," ती म्हणाली. मग खाली बघत म्हणाली, "गुरुजी, तवा माझीच चूक व्हती. तुमी माझ्यासाठी इंग्रजीत लिवलंत, आन मी मेली गप उभी राहिली. सायबानं दोनदा विचारलं. काय झालं असतं मी बोलली असती तं? कोन मला घेऊन जानार व्हतं, भर दुपारी, तुमच्यासमोर?"

"तुझी चूक नव्हती," मी म्हणालो.

"व्हती. अकरा वरसं मी त्याचाच इचार करतेय. भात लावताना पन तेच डोक्यात येतं. तवा मी या पोरीला पयल्यापासून शिकवलंय. पयल्या हाकेला ओ द्यायची. रान असू दे, रात असू दे. काय यायचं ते येऊ दे. सासू भांडते माझ्याशी, पोरीला मारशील म्हनते. पन मी शिकवलंय. तुमी बघाच, एकदा नाव घ्या."

ती डोळ्यांत जीव आणून माझ्याकडं बघत होती. मी सांगू शकलो असतो. खोलीत आम्ही तिघंच होतो, साहेब नव्हते, पाटील नव्हता, आणि आता माझी कसली बदलीही अडलेली नव्हती. डल म्हणजे काय, तो शब्द कुणी लिहिला आणि का लिहिला, चार वाक्यांत झालं असतं. अकरा वर्षं जे ओझं ती माझ्याऐवजी वाहत होती ते तिच्या डोक्यावरून उतरलं असतं. मी तोंड उघडलं, आणि पोरीचं नाव घेतलं.

"ओ!" पोर ओरडली. एवढ्या मोठ्यानं की बाहेरची मुलं आत डोकावली.

आई हसली, अगदी त्या दिवशी पडवीत हसली होती तशी. पोरीच्या केसांवरून चिखलाचा हात फिरवून ती पेरणीला निघून गेली. मी नोंदवहीत नाव लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात काही लिहिलं नाही, त्या वर्षीही नाही आणि पुढंही कधी नाही, पण त्याचं तिला काय?

ती पोर चार वर्षं माझ्या शाळेत होती. पहिल्या हाकेला ओ देणारी त्या वर्गात ती एकटीच होती. बाकीच्यांना मी तीन-तीनदा हाक मारत असे. हिचं नाव आलं की, ते मी एकदा घ्यायच्या आतच, ती उठून उभी राहत असे.